नावाचा रकाना

"काल किती पानं?" चहाचा कप माझ्यापुढं ठेवत आईनं विचारलं.

मी मोबाइल उघडून बघितलं. "बत्तीस. एक पूर्ण अंक."

"म्हंजे बरा हाय," ती म्हणाली. आण्णा मागच्या अंगणात दात घासत होते. तिकडं एकदा बघून तिनं आवाज खाली आणला. "कंच्या वेळेला?"

"दुपारी अडीचला सुरू केला. तीनला संपवला."

"दुपारी व्हय. म्हंजे सकाळच्या पाळीला जात असणार. रातची झोप तरी मिळत असंल." एवढं बोलून ती पोळ्या लाटायला गेली.

सुकूला घर सोडून त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते. सुकू म्हणजे सुकुमार, माझा धाकटा भाऊ. वय चोवीस, इचलकरंजीतल्याच एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला. तो कुठं आहे, काय खातो, कुणाच्या खोलीवर पडतो, यातलं आम्हाला काही ठाऊक नव्हतं. तो रोज किती पानं वाचतो तेवढं मात्र ठाऊक होतं, आणि त्यावर आई दिवस काढत होती.

ही दोन हजार सतराची गोष्ट. आण्णा गेल्या वर्षी गेले, म्हणून आता लिहितो आहे. ते असताना लिहिली असती तर कधी ना कधी त्यांच्या हातात पडली असती, आणि तेवढी छाती माझ्याकडं नव्हती.

आण्णांचं पूर्वी बसस्टँडमागं वाचनालय होतं. दहा बाय आठचा गाळा, वर आईच्या नावाची पाटी: 'पद्मावती वाचनालय'. कादंबऱ्या होत्या, मासिकं होती, पण गल्ला भरायचा तो कॉमिक्सवर. मागावरची पोरं, शाळेतली पोरं, पोरांची नावं सांगून स्वतः वाचणारे बाप, सगळे यायचे. एकटा अंक चार हातांत फिरला की चिंध्या होतात, म्हणून आण्णा पाच-पाच अंक एकत्र घेऊन वर जाड पुठ्ठा लावून दाभणानं शिवायचे. वीस वर्षं रोज दुपारी ते शिवत बसलेले मी बघितलेत. पुढं घरोघरी केबल आली, गाळा गेला, आणि चार लोखंडी ट्रंका घरी आल्या.

मी पॉलिटेक्निकमध्ये लॅब असिस्टंट. कॉलेजनं भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर मी घरी आणला आणि त्यावर एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बसवलं. स्कॅन केलेली कॉमिक्स त्यात टाकली की ते ती मुखपृष्ठांसकट फळीवर मांडावीत तशी मांडतं. ज्याला नाव आणि पासवर्ड दिलाय त्यानं जगात कुठूनही मोबाइलवर उघडून वाचावं. कोण कुठल्या पानावर थांबला तेही ते लक्षात ठेवतं. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही, सगळा कारभार आपल्या माडीवर. सुकूनं त्याला 'कपाट' नाव ठेवलं. "दादा, कपाट चालू हाय का?" असं विचारायचा.

कपाट सुरू झालं त्या आठवड्यात त्यानं एक खोडी काढली. आत शिरताना नाव टाकायचा जो रकाना असतो त्यात त्यानं 'दादा येडा आहे' असं टाकून बघितलं. अर्थात आत शिरता आलं नाही. पण चुकीचं नाव टाकलं की मशीन ते वेळेसकट एका नोंदीत उतरवून ठेवतं. दुसऱ्या दिवशी जेवताना मी त्याला ते अक्षरशः वाचून दाखवलं, तर त्याला ठसकाच लागला. मग तो चाळाच झाला. कामावरून निघताना तो त्या रकान्यात टाकायचा, 'चहा ठेव', 'जेवायला थांबू नका'. फोन करायला काय धाड भरली होती? पण त्याला त्यात मजा वाटायची, आणि मी संध्याकाळी नोंद उघडून बघायचो.

सगळी अडचण स्कॅनिंगची होती. आण्णांची शिवण इतकी पक्की की पुस्तक सपाट उघडायचंच नाही. काचेखाली दाबलं तरी मधली अक्षरं शिवणीत बुडायची. एका तासाला वीस पानं व्हायची, आणि पानं होती हजारो. कॉलेजच्या ऑफिसात सुट्ट्या कागदांचा गठ्ठा भराभर ओढणारं स्कॅनर होतं. त्यासाठी पुस्तकांच्या पाठी कापाव्या लागणार होत्या. सुकूच्या दोस्ताच्या प्रेसमध्ये कटिंग मशीन होतं. दोन महिने दर रविवारी सुकू गाडीवर पिशव्या लादून घेऊन जायचा आणि पाठी कापून आणायचा. सोमवारी मी ते स्कॅन करायचो. मग पानं सुतळीनं बांधून पुन्हा ट्रंकेत. एकही पान गहाळ झालं नाही, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

दिवाळीची झाडलोट करताना आण्णांनी डांबराच्या गोळ्या ठेवायला ट्रंक उघडली. वरचं पुस्तक उचललं तशी पानं त्यांच्या हातातून घसरून जमिनीवर पसरली. त्यांनी दुसरं उचललं, तिसरं उचललं. चारी ट्रंका उघडून झाल्यावर ते तिथंच खाली बसले. आम्ही दोघं दारात उभे होतो.

"हे डोकं कुणाचं?" त्यांनी विचारलं.

सुकूनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग तो म्हणाला, "माझं."

आण्णांनी जन्मात आमच्यावर हात टाकला नव्हता, त्या दिवशीही टाकला नाही. सुटी पानं गोळा करत ते म्हणाले, "वाचनालयात पानं फाडणाऱ्याला मी काय करत होतो, ठावं हाय न्हवं तुला? इथनं पुढं तू मला बोलू नकोस, मी तुला बोलणार न्हाई."

मी मूग गिळून उभा होतो. तिसऱ्या दिवशी सुकू कामावर जातो म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. फोन बंद. खोलीतली त्याची एक बॅग गेलेली. पोलिस चौकीत गेलो तर हवालदार म्हणाला, "चोवीस वर्षांचा बाप्या आहे. रुसलाय. पैसे संपले की येईल."

चौथ्या दिवशी मी सहज कपाट उघडलं, आणि सुकूच्या नावापुढं दिसलं: 'गुप्तहेर दणके, अंक पहिला, वाचून पूर्ण.' हे दणके म्हणजे आण्णांच्या वाचनालयातलं सगळ्यात फाटलेलं कॉमिक. एकेचाळीस अंक. लहानपणी सुकू त्यावरच वाचायला शिकला. आता तो पहिल्यापासून क्रमानं सगळे वाचत होता, दुपारच्या वेळी, बहुतेक दिवसाला एक. मी धावत स्वयंपाकघरात जाऊन आईला दाखवलं. तिनं मोबाइल हातात घेतला आणि त्या मुखपृष्ठावरून अंगठा फिरवत बसली.

एकदा मी धीर करून बाराव्या अंकाच्या माहितीत लिहिलं, 'सुकू, फोन कर. आई नीट जेवत नाही.' त्या दिवशी त्यानं एकही पान वाचलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईचा जीव असा टांगणीला लागला की मी ते वाक्य पुसून टाकलं. तिसऱ्या दिवशी बारावा अंक वाचून झालेला दिसला. त्यानंतर मी त्याच्या वाटेला गेलो नाही. वाचतोय तेवढं बास, असं आम्ही ठरवलं.

पण असल्या गोष्टी घरात लपत नाहीत. विसाव्या दिवशी सकाळी आईनं "किती पानं?" विचारलं तेव्हा आण्णा तिच्या पाठीशीच उभे होते.

"कसली पानं?"

आईनं सांगून टाकलं. आण्णा खुर्चीत बसले. मोबाइल बघायला मागितला. सुकूच्या नावापुढची दणक्यांची रांग त्यांनी बोटानं वर-खाली केली. चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांचे डोळे भरले होते.

"म्हंजे आमची पुस्तकं लागत्यात त्येला," ते म्हणाले. "घर नको, पुस्तकं पायजेत." मग म्हणाले, "भरतेश, त्येचं कार्ड अडव."

"आण्णा, ते कार्ड नाही. खातं आहे."

"तेच ते. वीस वर्षं वाचनालय चालवलंय मी. पुस्तक घेऊन गडप झालेला गिऱ्हाईक घरी माणूस पाठवून येत न्हाई. कार्ड अडवलं की चौथ्या दिवशी मुकाट्यानं दारात उभा ऱ्हातोय. अर्ध्यावर राहिलेली गोष्ट त्येला ओढून आणती."

हे खरं होतं, मी लहानपणी बघितलं होतं. पण आण्णांकडं शिक्षा दोन होत्या. पुस्तक वेळेवर न आणणाऱ्याचं कार्ड ते अडवून ठेवायचे. तो आला, दोन शब्द ऐकून घेतले, की पुन्हा चालू. आणि पानं फाडणाऱ्याचं कार्ड रद्द व्हायचं. रजिस्टरातल्या त्याच्या नावावर तांबडी रेघ, आणि पुन्हा त्या गाळ्याची पायरी चढायची नाही. वीस वर्षांत एकही रद्द झालेलं कार्ड आण्णांनी परत दिलं नाही. नात्यातल्या माणसालासुद्धा नाही.

आईला तेच आठवलं असावं. "त्येला कळंल का पण, नुसतं अडवलंय म्हणून?" तिनं विचारलं.

"माझा पोरगा हाय. कळंल."

"आणि न्हाई आला तर? रोजचं एवढं कळतंय तेबी जाईल."

"चार दिवस कळ काढ. एकेचाळीस अंकांतला अजून निम्माबी झाला न्हाई त्येचा. येतोय बघ." मग ते माझ्याकडं वळले. "आणि तू चार दिवस त्या मशीनकडं बघायचं न्हाई. अडवलेल्या गिऱ्हाईकाच्या तोंडाकडं बघितलं की माणूस विरघळतोय."

माडीवर जाऊन मी सुकूच्या नावापुढची खूण काढली. काम एवढंसंच. आता त्यानं नाव आणि पासवर्ड टाकला की 'हे खातं बंद करण्यात आलं आहे' एवढंच त्याला दिसणार होतं. अडवलं की रद्द केलं, ते मशीन सांगत नव्हतं. मी खाली येऊन आण्णांना "झालं" म्हणालो.

चार दिवस आई दारातच होती. कुठलीही मोटारसायकल गल्लीत शिरली की उठायची. आण्णांनी बाजारातून अर्धा किलो खवा आणला, सुकूला गुलाबजाम आवडतात म्हणून, आणि कुणी काही विचारायच्या आत, "स्वस्त मिळाला," असं म्हणाले. चौथा दिवस गेला. "अजून दोन दिवस," आण्णा म्हणाले. सहावा गेला. खवा आंबला, तो आईनं टाकून दिला. सातव्या दिवशी आण्णा मला म्हणाले, "उद्या सकाळी चालू कर बाबा. मला चुकल्यासारखं वाटतंय." मी सकाळीच उठून खातं चालू केलं आणि कॉलेजला गेलो.

अकराच्या सुमारास लॅबमध्ये फोन आला.

"भरतेश मगदूम का? मी भिवंडीवरून बोलतोय. सुकुमारच्या खोलीतला. आम्ही एकाच कारखान्यात आहोत."

"कुठाय तो? त्याला फोन दे."

"दादा, तो पहाटे गेला. डेंग्यू होता. चार-पाच दिवस ताप अंगावर काढला त्यानं. परवा रक्ताच्या उलट्या झाल्या तेव्हा आम्ही उचलून दवाखान्यात नेला."

मी एवढंच विचारलं, "घरी का नाही कळवलंत?"

"कितीदा नंबर मागितला. म्हणायचा, घरी माझं कार्ड रद्द झालंय. आम्हाला वाटलं, तापात बडबडतोय. त्याच्या बॅगेत एक जुनं कार्ड सापडलं, पद्मावती वाचनालय म्हणून, त्यावर इचलकरंजी लिहिलंय. आमच्या मुकादमाच्या ओळखीचे तिकडं आहेत. त्यांच्याकडून तुमचा नंबर काढला."

आण्णांनी आम्हा दोघांना लहानपणी कार्डं करून दिली होती. सुकूचं कार्ड नंबर एक होतं, कारण त्यानं मोठ्यानं भोकाड पसरलं होतं. माझं दोन.

भिवंडीचं, आणण्याचं, पुढचं सगळं मी लिहीत नाही. आईनं त्याला बघितलं तेव्हा ती काय म्हणाली तेही लिहीत नाही. आण्णा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत राहिले, चपला सरळ लावत राहिले.

सुतक फिटल्यावर मी माडीवर गेलो आणि ती नोंद उघडली.

तिची आठवण मला तेव्हा झाली, असं मी म्हणालो तर ते खोटं होईल. खातं बंद केलं त्याच दुपारी झाली होती. तो नावाच्या रकान्यात काहीतरी टाकणार, हे मला त्याचा भाऊ म्हणून माहीत होतं. आण्णांनी बघू नको म्हणून सांगितलं होतं, ते मला सोयीचं पडलं. तो काय लिहील याची मला भीती होती.

इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं मराठी. प्रत्येक ओळीपुढं तारीख आणि वेळ. पहिल्या दिवशी दुपारी दोन एकतीसला तीन वेळा त्याचं स्वतःचं नाव. मग:

'दादा'

'दादा खातं उघडंना'

दुसऱ्या दिवशी: 'दादा बघ की. ताप आलाय, पडूनच आहे. पंधरावा अंक राहिलाय'

तिसऱ्या दिवशी: 'आईला तापाचं सांगू नको'

चौथ्या दिवशी: 'आण्णांनी रद्द केलं काय'

त्याच दिवशी, दहा मिनिटांनी: 'घरी आलो तर चालंल काय, विचार त्यांना. मी इथं बघतो'

कुठं बघणार होता तो? त्या पानावर माझं उत्तर उमटायला जागाच नव्हती. उत्तर द्यायचा एकच मार्ग होता, खातं चालू करायचं. ते झालं की त्याला कळलं असतं. त्या दिवशी त्यानं ते सोळा वेळा उघडून बघितलं होतं. वेळा सगळ्या तिथं आहेत.

पाचव्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी सकाळी:

'तू बंद केलंस काय दादा? कापायचं डोकं तुझं होतं हे मी कुणाला सांगणार नाही. आण्णांना पण नाही. शपथ. उघड'

डोकं माझंच होतं. ऑफिसातलं स्कॅनर मी बघितलं होतं, पाठी कापू या असं मीच म्हणालो होतो. सुकू तयार नव्हता. आण्णांना विचारू म्हणाला होता. विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून मीच त्याला विचारू दिलं नव्हतं. आणि आण्णांनी विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं ते मी बोलेन म्हणून. मी बोललो नाही, म्हणून तो बोलला.

सातव्या दिवशी संध्याकाळी एकच ओळ होती.

'बरं'

मी ती नोंद मोबाइलवर घेतली आणि खाली आलो. आण्णांना सगळं वाचून दाखवायचं आणि आपलं तोंड काळं करून घ्यायचं, असं जिन्यावर ठरवलं होतं. ते ओसरीवर बसले होते. पुढ्यात ट्रंक होती. सुटलेल्या पानांचा एक गठ्ठा मांडीवर घेऊन ते दाभणात दोरा ओवायचा प्रयत्न करत होते. दोरा जात नव्हता.

"आण्णा," मी म्हणालो, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

त्यांनी वर बघितलं. माझ्या हातातला मोबाइल बघितला, माझा चेहरा बघितला, आणि ते घाईनं म्हणाले, "न्हाई. ऐक माझं. तू मनाला लावून घेऊ नकोस. कार्ड मी अडवायला लावलं, तू नुस्तं बटण दाबलंस. पानंबी त्यानंच कापली हुती, त्यात तुझं काय न्हाई. पोरानं कबूल केलं हुतं, तेव्हा मी मोकळ्या मनानं सोडून द्यायला पायजे हुतं. हे पाप माझं हाय. तू ह्यात कुठंच न्हाईस. ध्येनात ठेव."

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. रोज दुपारी एक पुस्तक शिवायचे. कुणी घरी आलं आणि सुकूचा विषय निघाला की म्हणायचे, माझ्या हट्टापायी गेला तो.

त्या दिवशी ते माझ्याकडं बघत होते, आणि मी काहीतरी म्हणायची वाट बघत होते.

"बरं," मी म्हणालो, आणि त्यांच्या हातातलं दाभण घेऊन दोरा ओवून दिला.